रावबहादूर दादोबा पांडुरंग आणि सुरतेची मानवधर्मसभा

मराठी भाषेचे पाणिनी म्हणून रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते. इंग्रजी शिकविणाऱ्या भाषांतर पाठमालेचे तर्खडकर ते हे नव्हेत. हे त्यांच्या आधीच्या पिढीतले. १८३६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापून प्रसिद्ध केले आणि पुढे अनेक पिढ्यांना मराठीचे नियम समजावून दिले. पण या थोर व्याकरणकाराच्या आयुष्याला आणखी एक बाजू होती. माणूस ज्या धर्माचे नाव सांगतो त्याप्रमाणे तो वागतो का, आणि वागत नसेल तर त्याला काय म्हणावे, हा प्रश्न त्यांनी जन्मभर उराशी बाळगला. तो त्यांनी हिंदू भिक्षुकाला विचारला, ख्रिस्ती पाद्र्याला विचारला आणि शेवटी त्यांना स्वतःलाही त्याला तोंड द्यावे लागले. या प्रश्नाला पहिले उघड रूप आले ते मुंबईत किंवा पुण्यात नव्हे, तर तापीकाठच्या सुरत शहरात. तो वृत्तान्त मराठी वाचकांच्या फारसा नजरेसमोर नसल्याने या प्रसंगी तो सांगणे अगत्याचे वाटते.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराण्याचे आडनाव वसईजवळच्या तर्खड गावावरून पडलेले. वसई प्रांत १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता आणि तेथे गावोगाव ख्रिस्ती वस्ती व प्रार्थनामंदिरे उभी राहिली होती. धर्म बदलणे म्हणजे काय, त्यातला किती भाग मनाचा व किती राजसत्तेचा, हे प्रश्न त्या मुलखातील माणसाला पुस्तकात वाचून शिकावे लागत नसत. दादोबांच्या आईचे नाव यशोदा व वडिलांचे पांडुरंग. या दोन नावांवरूनच त्यांनी पुढे मोरोपंतांच्या ‘केकावली’वरील आपल्या टीकेला ‘यशोदापांडुरंगी’ हे नाव दिले. त्यांचे दोघे धाकटे बंधूही नामवंत झाले. भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये एक हिंदू या टोपणनावाने इंग्रजी राज्याच्या लुटीवर कडक पत्रे लिहिली. डॉ. आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे आद्य पुरस्कर्ते होते. व्याकरण, राजकारण आणि धर्म या तिन्ही क्षेत्रांत एकाच घरातील तिघा भावांनी विचाराला नवी वाट करून दिली, ही गोष्ट सामान्य नव्हे.

शिक्षण संपल्यावर दादोबांनी काही काळ माळव्यातील जावरा संस्थानाच्या नबाबाकडे शिक्षक म्हणून नोकरी केली. तेथून परतल्यावर १८४० च्या सुमारास ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये लागले आणि थोड्याच अवधीत सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्या काळची सुरत म्हणजे उतरत्या वैभवाचे शहर. मोगल अमदानीत जगभरची जहाजे जिच्या बंदराशी लागत, त्या नगरीचा व्यापार मुंबईने ओढून घेतला होता. १८३७ च्या एप्रिलमधील भीषण आगीने शहराचा फार मोठा भाग जळून खाक झाला होता. तरीही नागर ब्राह्मण, वाणी, पारशी, बोहरी, मुसलमान अशा अनेक समाजांची ही जुनी पेठ आपापले रीतिरिवाज कसोशीने सांभाळून होती.

ख्रिस्ती माणसांशी सुरतेचा परिचय तर दोनशे वर्षांहून अधिक काळाचा होता. इंग्रजांची येथील वखार जहांगीर बादशहाच्या काळातली. त्या वखारीत सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होत असे व रविवारी अधिक होत असे. पण वखारीच्या दाराबाहेर गोऱ्या लोकांची वागणूक कशी होती, याविषयी एका ख्रिस्ती पाद्र्याचीच साक्ष उपलब्ध आहे. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो याच्या पदरी असलेला एडवर्ड टेरी हा पाद्री १६१६ साली सुरतेच्या बंदरात उतरला व पुढे तीन वर्षे हिंदुस्थानात राहिला. १६५५ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने मोठ्या खेदाने लिहून ठेवले आहे, की बंदराजवळचे एतद्देशीय लोक मोडक्यातोडक्या इंग्रजीत ख्रिस्ती धर्म हा सैतानाचा धर्म असल्याचे बोलत. कारण ख्रिस्ती माणसे फार पितात, फार अन्याय करतात, मारझोड व शिवीगाळ करतात. सौदा करताना कोणी भावाविषयी संशय घेतला तर इकडचा विक्रेता उलट विचारी, की फसवायला मी काय ख्रिस्ती आहे? टेरीने हे लपवून ठेवले नाही. आपल्या धर्मावर आलेला हा कलंक परक्यांच्या निंदेचा नसून आपल्याच माणसांच्या आचरणाचा आहे, हे त्याने कबूल केले. ख्रिस्ती समाजातील ढोंग आणि त्याच समाजातील प्रामाणिकपणा, दोन्ही सुरतेच्या एकाच हकिकतीत अशी शेजारी शेजारी नोंदली गेली आहेत.

एकोणिसाव्या शतकात मात्र निराळ्या प्रकारचे पाद्री आले. लंडन मिशनरी सोसायटीने १८१५ पासून सुरतेत कार्य सुरू केले. फाय्व्ही बंधूंसारखे मिशनरी येथे राहून गुजराती शिकले आणि त्यांनी बायबलचे गुजराती भाषांतर सुरतेतच छापले. हे लोक साधे राहत, रस्त्यावर उभे राहून उपदेश करीत, शाळा चालवीत. त्यांच्या वैयक्तिक शीलाविषयी तक्रारीला जागा नव्हती. त्यांच्याशी जो वाद होता तो वेगळ्या पातळीवरचा होता. ते पुराणातील चमत्कारांची बुद्धीच्या आधारे चिकित्सा करीत. पण तीच बुद्धी आपल्या शास्त्राला लावण्याची वेळ आली म्हणजे श्रद्धेचा आश्रय घेत. नव्या शाळांतून तर्क शिकून बाहेर पडलेल्या तरुणांच्या हे लक्षात आल्यावाचून राहिले नाही.

सुरतेत दादोबांना एक समानधर्मा मिळाला. दुर्गाराम मंछाराम हे नागर ब्राह्मण सरकारी गुजराती शाळेचे मेहताजी होते. वयाने ते दादोबांपेक्षा पाच वर्षांनी वडील. भूतपिशाच, मंत्रतंत्र आणि मुहूर्त यांवरचा त्यांचा विश्वास केव्हाच उडाला होता आणि विधवांची दुःस्थिती त्यांना पाहवत नव्हती. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम भगुभाई आणि दामोदरदास अशी पाच मित्रांची मंडळी जमली. पाचांचीही नावे द या अक्षराने सुरू होत असल्याने सुरतेचे लोक त्यांना पाच दद्दा म्हणू लागले. यातील दलपतराम हे प्रसिद्ध गुजराती कवी नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. एक मराठी पंडित आणि चार गुजराती गृहस्थ यांचा हा स्नेह भाषेच्या सीमा ओलांडणारा होता.

या मंडळीच्या चर्चेला सभेचे रूप येण्यास एक घटना कारण झाली. नसरवानजी माणेकजी नावाचा पारशी विद्यार्थी ख्रिस्ती झाला आणि शहरात एकच खळबळ उडाली. मुंबईत १८३९ साली दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतल्यापासून असे प्रसंग वारंवार येऊ लागले होते. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनमधून परत आल्यावर त्याला जातीत घ्यावे की नाही यावरून मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. अशा वेळी समाज बहुधा दोनच गोष्टी करी. मुलांना शाळेतून काढी आणि पाद्र्यांना शिव्या देई. सुरतेच्या या पाच मित्रांनी तिसरी गोष्ट केली. आपला मुलगा परधर्मात का गेला, त्याला घरच्या धर्मात काय खोटे दिसले, आणि ज्या घरात तो गेला तेथे तरी सारे खरे आहे काय, हे सर्वांसमक्ष तपासण्याचे त्यांनी ठरविले.

२२ जून १८४४ रोजी मानवधर्मसभेची स्थापना झाली. पश्चिम हिंदुस्थानातील धर्मसुधारणेच्या संस्थांमध्ये ही अगदी आरंभीची होय. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती या तिन्ही धर्मांत शिरलेले दंभ व थोतांड उघडकीस आणणे हा तिचा एक उद्देश होता. ईश्वर एक, मनुष्यमात्राचा धर्म एक आणि मनुष्यमात्राची जात एक, ही तिची बैठक. सभा आठवड्याला भरत असे आणि तिचे दार सर्वांस मोकळे होते. मांत्रिकांनी व जादूगारांनी आपले सामर्थ्य चारचौघांसमक्ष सिद्ध करून दाखवावे, असे जाहीर आव्हान दुर्गारामांनी दिले. सभेत काय बोलणे झाले याची नोंद तेच ठेवीत.

या सभेचे वैशिष्ट्य नीट समजून घेतले पाहिजे. दुसऱ्याच्या धर्मातील दोष काढणारे त्या काळी पुष्कळ होते. मिशनरी तर ते काम रोजच करीत आणि त्यांना उत्तर देणारे शास्त्रीपंडितही बायबलातील विसंगती शोधून काढीत. दोघांचाही हात दुसऱ्याच्या घरातील केर काढण्यात गुंतलेला. मानवधर्मसभेने सर्वांना एकच माप लावले. आपल्या भटजीच्या मंत्राला जो पुरावा मागायचा, तोच पाद्र्याच्या चमत्कारकथेलाही मागायचा. आणि पाद्र्याच्या उक्तीकृतीतील जे अंतर डोळ्यांत सलते, ते आपल्या घरीही मोजायचे. त्यामुळे सभेला कोणत्याच पक्षात जागा उरली नाही. सनातनी लोकांना हे तरुण बाटगे वाटले आणि मिशनऱ्यांच्या दृष्टीने ते अर्ध्या वाटेवर अडकलेले राहिले.

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात सरकारने मिठावरचा कर दर मणी आठ आण्यांवरून एक रुपयापर्यंत वाढविला आणि सुरतेचे लोक रस्त्यावर उतरले. सरकारला ती वाढ काही अंशी मागे घ्यावी लागली. सत्तेपुढे उभे राहून प्रश्न विचारता येतो, असे वारे त्या वर्षी शहरात होते. धर्मसत्तेला प्रश्न विचारणारी सभा त्याच हवेत वाढत होती.

तथापि या सभेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जातिभेदावर तेथे खूप बोलले गेले, पण जातीचे बंधन प्रत्यक्ष तोडण्याचे पाऊल सभेने उचलले नाही. मनुष्यमात्राची जात एक, असे सभेत मान्य करणारे सभासद घरी जाऊन आपापल्या जातीच्या पंगतीतच जेवत. दंभ उघडा पाडण्यासाठी जमलेल्या मंडळींच्या पानात अशी दंभाची एक कणी राहूनच गेली. १८४६ साली दादोबांची बदली मुंबईस झाली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील शिक्षक तयार करण्याच्या वर्गाची सूत्रे त्यांच्याकडे आली. ते गेल्यावर सभेचा जोर ओसरला, आणि १८५२ साली दुर्गाराम राजकोटास गेल्यावर तिची आठवणच काय ती उरली.

मुंबईत दादोबांच्या प्रेरणेने ३१ जुलै १८४९ रोजी परमहंस सभा निघाली. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष होते. विचार सुरतेचेच होते, किंबहुना अधिक पुढे गेलेले होते. दादोबांनी ‘धर्मविवेचन’ या ग्रंथात जी सात तत्त्वे मांडली, तीच या सभेची भूमिका होती. भक्ती केवळ एका ईश्वराची करावी. खरा धर्म प्रेमावर व सदाचरणावर उभा असतो. पारमार्थिक धर्म सर्वांचा एकच. प्रत्येकाला विचारस्वातंत्र्य असावे. रोजचे बोलणे व वागणे विवेकाला धरून असावे. मनुष्यजात एक आहे. आणि ज्ञान सर्वांना मिळावे, असा त्यांचा आशय. सुरतेत जे पाऊल अडले होते तेही येथे पुढे पडले. सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जातीच्या बंधनावर हा प्रत्यक्ष आघात होता.

परंतु सारे घडे ते बंद दारामागे. परमहंस सभा ही गुप्त सभा होती. सभासदांची नावे बाहेर फुटू नयेत याची पराकाष्ठेची काळजी घेतली जाई. कोणत्याही धर्मावर हल्ला करावयाचा नाही, असाही तिचा नियम होता. सुरतेत तिन्ही धर्मांचे दंभ चव्हाट्यावर मांडणारा पुरुष मुंबईत अशा सभेचा मार्गदर्शक झाला, जिचे सभासद रात्री पाव खात आणि सकाळी सोवळे नेसून घरची पूजा करीत. सुरतेत बोलणे उघड होते आणि कृती नव्हती. मुंबईत कृती होती आणि ती उघड नव्हती.

आज दूरस्थपणे त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. जातिबहिष्कार म्हणजे काय असते हे ज्यांनी भोगले नाही त्यांनी असा निकाल देऊ नये. न्हावी, धोबी, पाणक्या बंद होत असे. बहिणीचे लग्न मोडत असे. आईच्या प्रेताला खांदा देण्यास माणूस मिळत नसे. समाज पुरेसा मोठ्या संख्येने आपल्या बाजूला येईपर्यंत गुप्त राहावे आणि मग एकदम प्रकट व्हावे, असा सभासदांचा हिशेब होता. त्यात व्यवहार होता. पण ज्यांच्याविरुद्ध लढायचे त्यांचाच दोष आपल्या अंगी येतो आहे, ही टोचणीही त्यांतल्या काहींना होती.

ती टोचणी ज्यांना असह्य झाली त्यांत बाबा पदमनजी हे प्रमुख होत. बेळगावचे हे तरुण परमहंस सभेचे सभासद होते. १८५४ साली त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी आप्तस्वकीयांचा दुरावा पत्करला. पुढे त्यांनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांची दुःखे मराठीत मांडली आणि ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या अंतःकरणाचा प्रवास सांगितला. पदमनजींचा निर्णय सर्वांना पटेल असे नाही. पण मनात एक आणि जनात दुसरे असे जगणे त्यांनी नाकारले. त्या काळी ख्रिस्ती होणाऱ्यावर पोटासाठी बाटला हा आरोप ठेवलेलाच असे. पदमनजींच्या लेखनातील कळकळ वाचणाऱ्याला तो आरोप टिकत नाही असे दिसून येते. नाव न घेता ख्रिस्त्याचा पाव खाणारे आणि नाव घेऊन ख्रिस्ताचा धर्म घेणारे, अशा दोन वाटा एकाच सभेतून फुटल्या.

१८६० च्या सुमारास परमहंस सभेच्या सभासदांची यादी चोरीस गेली. आता नावे जगजाहीर होणार या भीतीने मंडळी पांगली आणि सभा बुडाली. मोठ्या संख्येने एकदम प्रकट होण्याचा दिवस उजाडलाच नाही.

या सुमारास दादोबा सरकारी नोकरीत वर चढले होते. १८५२ पासून ते अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर होते. भिल्लांच्या बंडाच्या वेळी केलेल्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. नगर हे अमेरिकन मराठी मिशनचे १८३१ पासूनचे ठाणे. ख्रिस्ती मंडळ्यांचे नित्याचे जीवन, पाद्र्यांची निष्ठा, नवख्रिस्ती लोकांची ओढाताण हे सारे त्या गावात डोळ्यांसमोर घडत होते. दादोबांचे लेखनही चालू होते. १८५७ साली ‘विधवाश्रुमार्जन’ लिहून त्यांनी पुनर्विवाहाचा पक्ष घेतला. म्हणजे त्याच एका वर्षी ख्रिस्ती पदमनजी आणि हिंदू दादोबा एकाच दुःखावर लेखणी चालवीत होते. ‘धर्मविवेचन’ मात्र १८६८ साली छापले गेले तेव्हाही त्यावर दादोबांचे नाव नव्हते. एक जगद्वासी आर्य, एवढीच कर्त्याची ओळख त्यावर होती. जातीचे नाव त्यांनी टाकले आणि जगाचे नाव घेतले, पण स्वतःचे नाव सांगण्याचे धैर्य त्या ग्रंथापुरते तरी त्यांना झाले नाही.

उतारवयात त्यांच्या हाती इमॅन्युएल स्वीडनबॉर्ग या स्वीडिश तत्त्वज्ञाचे ग्रंथ आले आणि त्यांनी दादोबांचे मन वेधून घेतले. स्वीडनबॉर्ग हा १६८८ ते १७७२ या काळातला. तो स्वीडनच्या खाण खात्यात अधिकारी होता व नामांकित शास्त्रज्ञ होता. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर त्याने विज्ञान बाजूला ठेवून बायबलचा आंतरिक अर्थ उलगडण्यास वाहून घेतले. स्वर्ग-नरकाच्या त्याच्या साक्षात्कारांवर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो, तत्कालीन ख्रिस्ती चर्चवरील त्याची टीका फार मार्मिक होती. चर्च ईश्वराला एक म्हणते आणि मनात तीन देव ठेवते, असे तो म्हणे. केवळ श्रद्धेने तरतो, असे शिकवून चर्चने माणसाला सदाचरणाच्या जबाबदारीतून मोकळे केले, हा त्याचा मुख्य आक्षेप. त्याच्या मते कृतीत न उतरलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, आणि आपापल्या धर्माप्रमाणे शुद्ध मनाने जगणाऱ्या अख्रिस्ती माणसालाही स्वर्गाचे दार मोकळे आहे. त्याने स्वतः पंथ काढला नाही. त्याच्या अनुयायांनी नवे चर्च उभारले ते त्याच्या मृत्यूनंतर.

सुरतेच्या सभेत पाद्र्यांना जे प्रश्न विचारले गेले असतील, त्यांचे उत्तर दादोबांना एका ख्रिस्ती माणसाच्याच ग्रंथांत गवसले, हे यातले महत्त्वाचे. चर्चच्या ढोंगावर चर्चमध्ये वाढलेल्या पुरुषाने इतक्या निर्भीडपणे बोट ठेवावे आणि तरीही ख्रिस्तावरची आपली निष्ठा अढळ ठेवावी, याचे त्यांना विशेष वाटले असल्यास नवल नाही. योगायोग असा, की स्वीडनबॉर्गनेही आपले धर्मविषयक ग्रंथ कित्येक वर्षे निनावी छापले होते आणि १७६८ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांपैकी एकावर प्रथम आपले नाव घातले होते.

दादोबांनी १८७८ साली स्वीडनबॉर्गच्या ग्रंथांवरील आपले चिंतन इंग्रजीत प्रसिद्ध केले. पुस्तकाच्या मथळ्यात त्यांनी ते एका हिंदू गृहस्थाचे चिंतन असल्याचे सांगितले आहे. ख्रिस्ती विचाराचे इतके गुणग्रहण करणारे पुस्तक लिहूनही त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. परमहंस सभेच्या काळातील भीती शेवटपर्यंत गेली नाही, असे एखादा म्हणेल. पण पुस्तक जाहीर होते, विषय जाहीर होता आणि लिहिणारा हिंदू असल्याचेही जाहीर होते. बाप्तिस्मा घेऊन चर्चचे जे मत बुद्धीला पटत नाही त्याला मान डोलविणे, किंवा ख्रिस्ताविषयी जे मनापासून वाटते ते जातभाईंच्या धाकाने गिळून टाकणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी टाळल्या. सत्तरीकडे झुकलेल्या या गृहस्थाने जेथे आपण खरोखर उभे आहोत तेथेच उभे असल्याचे सांगितले, हा दुसरा अर्थ आम्हांस अधिक योग्य वाटतो. १८८० साली त्यांनी ‘पारमहंसिक ब्राह्मधर्म’ हा ग्रंथ काढला. जे नाव एकेकाळी कुजबुजत घ्यावे लागे, ते वीस वर्षांनी पुस्तकाच्या नावातच आले.

१८८१ साली त्यांच्या व्याकरणाची पूरणिका प्रसिद्ध झाली आणि १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र अपुरे होते. अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ साली ते चरित्राची जोड देऊन प्रसिद्ध केले आणि मराठी वाचकांवर मोठे उपकार केले. तिकडे गुजरातीत महीपतराम रूपराम यांनी १८७९ साली दुर्गाराम मेहताजींचे चरित्र लिहिले आणि त्यात मानवधर्मसभेच्या दफ्तरातील हकिकत छापली.

ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या या अंकात या दोन पुस्तकांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. परमहंस सभेने आपली वही कडीकुलपात ठेवली होती; ती चोरीला गेली आणि सभाही गेली. मानवधर्मसभेला लपविण्यासारखे काही नव्हते. जे बोलले गेले ते सर्वांदेखत बोलले गेले, दुर्गारामांनी ते टिपून ठेवले, महीपतरामांनी छापले आणि ग्रंथसंग्रहांनी जपले. ती सभा जेमतेम काही वर्षे चालली. तिच्या सभासदांना आपल्या बोलण्याइतके वागता आले नाही, हेही खरे. तरी हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती या तिघांनाही एकच प्रश्न एकाच सुरात विचारणारी ती बैठक दीडशेहून अधिक वर्षांनी आपण पुन्हा वाचू शकतो. दादोबांचे व्याकरण ज्या कपाटात असेल त्याच कपाटात त्यांचे आत्मचरित्रही असावे, आणि व्याकरण चाळणाऱ्याने तेही हाती घ्यावे, एवढीच विनंती.